कंपन्यांचे बाँड पडल्यावर घ्यावेत का? काय बघून?

केदार२२
शेअर बाजार पडला की 'स्वस्तात मिळतंय, उचला' म्हणणारे ढिगानं भेटतात. बाँड पडले की मात्र तीच मंडळी 'सुरक्षित म्हणत होते ना?' असं म्हणत सगळं विकून मोकळी होतात. माझं मत उलटं आहे. पडझडीनंतर कंपन्यांचे रोखे ही शेअरपेक्षा सरळ संधी असते, कारण शेवटी किती मिळणार ते आधीच ठरलेलं असतं.

साधा हिशोब. १०० दर्शनी किमतीचा बाँड, कूपन (दरवर्षीचं ठरलेलं व्याज) ७ टक्के, मुदत संपायला ५ वर्षं. बाजार पडला आणि तो ९२ ला मिळाला, तर यील्ड, म्हणजे त्या भावाला घेऊन वर्षाला पडणारा परतावा, ९ टक्क्यांच्या किंचित वर जातं. कंपनी बुडाली नाही तर ५ वर्षांनी १०० मिळणारच. मधे भाव ८५ झाला तरी मला विकायचाच नसेल तर काय फरक पडतो?

प्रश्न असा की पडलेल्या बाजारात तुम्ही नेमकं काय बघता? एकेक बाँड घेता की फंड? वरच्या रेटिंगचे की खालचे? अनुभव असतील तर लिहा.

टवाळ
'कंपनी बुडाली नाही तर.' बास, धाग्याचं उत्तर धाग्यातच आहे. चला, पुढचा धागा. :)

आकडेमोड
केदार, आधी हे सांगा, पडले कशामुळे? कंपनीच्या बाँडच्या यील्डमध्ये दोन भाग असतात. एक तेवढ्याच मुदतीच्या सरकारी रोख्याचा दर, आणि दुसरा त्यावर कंपनी जास्तीचं देते तो स्प्रेड. सरकारी दर वाढले म्हणून तुमचा बाँड ९२ ला आला असेल तर त्यात क्रेडिटची (कंपनीच्या कर्ज फेडण्याच्या ताकदीची) संधी कसली? तो व्याजदरावर लावलेला डाव. मग सरकारी रोखेच घ्या ना, निदान डिफॉल्टची (पैसे थकण्याची) काळजी नाही.

२०२२ आठवा. अमेरिकेत उत्तम रेटिंगच्या कंपनी रोख्यांचा निर्देशांक १५ टक्क्यांहून जास्त पडला आणि खालच्या रेटिंगचे, ज्यांना जंक म्हणतात ते, त्याहून कमी, ११ टक्क्यांच्या आसपास. भल्या कंपन्यांना जास्त मार! कारण त्या लांब मुदतीचे रोखे काढतात आणि त्या वर्षी मार ड्युरेशनला (व्याजदर हलला की भाव किती हलतो त्या मापाला) बसत होता. स्प्रेड काही फार वाढले नव्हते.

उलट २००८. जंक रोखे वर्षभरात साधारण २६ टक्के पडले आणि सरकारी रोखे चक्क वधारले. डिसेंबरात जंकचा स्प्रेड २० टक्क्यांच्या वर होता. ती खरी क्रेडिटची पडझड. पुढच्या वर्षी, २००९ मध्ये, त्याच रोख्यांनी ५७ टक्क्यांच्या आसपास परतावा दिला.

टवाळ
५७ टक्के वाचून निम्मे सभासद आत्ता ॲपचा पासवर्ड शोधत असतील.

जुना_खातेदार
शोधू देत. पण लेहमन ही अमेरिकी बँक बुडाली सप्टेंबर २००८ मध्ये, आणि स्प्रेडचं शिखर आलं डिसेंबरात. 'आता पडलं, घेऊ' म्हणून सप्टेंबरात शिरलेल्याला मधले तीन महिने काय वाटलं असेल त्याचाही विचार करा. तेव्हा हातात रोकड आणि पोटात हिंमत दोन्ही असलेले लोक फार थोडे होते.

मी बाँडच्या खरेदीविक्रीत बरीच वर्षं काढली, म्हणून मार्च २०२० चं सांगतो. बाहेरच्या माणसाला वाटतं की घबराटीत आधी रद्दी विकली जाते. तसं होत नाही. रद्दीला गिऱ्हाईकच नसतं. ज्याला पैसे परत करायचेत तो जे विकलं जाईल ते विकतो, म्हणजे चांगल्या कंपनीचा, वर्ष-दीड वर्षात संपणारा बाँड. त्या आठवड्यांत अशा कागदांचा भाव विचारला तर पलीकडून आधी 'किती विकायचेत?' असा प्रश्न यायचा, आकडा सांगितला की शांतता, आणि मग 'दहा मिनिटांनी करतो'. ती दहा मिनिटं काही यायची नाहीत. एरवी खरेदी आणि विक्रीच्या भावात पैशांचा फरक असायचा तिथे रुपयांचा पडला होता.

स्क्रीनवर दिसणारा भाव आणि प्रत्यक्ष सौदा होईल तो भाव, यातली दरी किती वाढली आहे हे बघणं ही माझी पहिली खूण. भल्या कंपनीचा छोट्या मुदतीचा कागद निव्वळ विकणाऱ्याच्या गरजेपायी पडत असेल तर तिथे संधी आहे. बाकी पडझडीत मी हात घालत नाही.

आकडेमोड
@जुना_खातेदार, अगदी! त्याच महिन्यात एलक्यूडी हा अमेरिकेतला मोठा कंपनी-बाँड ईटीएफ (शेअरसारखा बाजारात विकला जाणारा फंड) त्याच्या एनएव्हीपेक्षा, म्हणजे आतल्या रोख्यांच्या किमतीपेक्षा, सुमारे ५ टक्के खाली विकला जात होता. उत्तम रेटिंगचे रोखे, आणि ५ टक्के! २३ मार्चला फेडनं (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेनं) कंपन्यांचे रोखे विकत घेण्याची योजना जाहीर केली आणि वारं फिरलं. गंमत म्हणजे प्रत्यक्ष खरेदी नंतर सुरू झाली. नुसत्या घोषणेनंच काम केलं.

केदार२२
म्हणजे फेडच्या भरवशावर घ्यायचं?

जुना_खातेदार
नाही रे बाबा. फेड येईल म्हणून घेतलं आणि ती आली नाही तरी आपण तगले पाहिजे, एवढ्याच बेतानं घ्यायचं.

मुक्ता_द
मला 'पडलंय' या शब्दाचं मोजमाप हवं असतं. दोन हिशोब करते, दोन्ही कागदाच्या पाठीवर होतात.

पहिला जंकसाठी. स्प्रेड भागिले बुडीत झाल्यावर होणारा तोटा. समजा स्प्रेड ४ टक्के आहे आणि कंपनी बुडाल्यावर १०० पैकी ४० परत मिळतील असं धरलं, म्हणजे तोटा ६०. ४ ला ०.६ नं भागा, आले ६.७. याचा अर्थ, दरवर्षी १०० पैकी साधारण ७ कंपन्या बुडाल्या तर तुम्ही सरकारी रोखेवाल्याच्या बरोबरीत येता. त्याहून कमी बुडाल्या तर तुम्ही पुढे. आता बाजाराची अवस्था बघा आणि ठरवा ७ जास्त वाटतात की कमी.

दुसरा चांगल्या रेटिंगसाठी. स्प्रेड भागिले ड्युरेशन. समजा स्प्रेड १०० बेसिस पॉइंटवरून (१०० म्हणजे एक टक्का) १३० झाला आणि सगळीकडे 'करेक्शन, करेक्शन' सुरू आहे. ड्युरेशन ६. १३० ला ६ नं भागा, २२ येतात. म्हणजे वर्षभरात स्प्रेड अजून २२ बेसिस पॉइंटनं रुंदावला की तुमची वर्षाची सगळी जादा कमाई साफ. शंभराचे एकशेतीस होणं ही पडझड नाही, ती जांभई आहे. मार्च २०२० मध्ये हाच आकडा ४०० च्या घरात गेला होता.

निवांत
'जांभई' आवडलं. +१

वसुंधरा
मुक्ता, हिशोब झकास, पण ते ४० कुठून आले? सगळे ४० धरतात म्हणून आपणही धरायचे? जुन्या सरासरीत ते बिनतारण रोख्यांच्या आसपास बसतात खरे, पण सरासरीनं बाँड बुडत नाही, तो त्याच्या कागदपत्रांप्रमाणे बुडतो.

टॉईज आर अस ही खेळण्यांच्या दुकानांची कंपनी सप्टेंबर २०१७ मध्ये दिवाळखोरीत गेली. त्याच्या काही आठवडे आधीपर्यंत तिचे लवकर संपणारे रोखे ९० च्या वर विकले जात होते. बाजाराला वाटत होतं की एवढं वर्ष निघेल. अर्ज झाल्यावर ते धाडकन खाली आले. तिथे पडलेल्या भावाची वाट बघणाऱ्याला पायरीच मिळाली नाही, सरळ कडा.

दुसरं म्हणजे मालमत्ता जागेवर राहील याची खात्री काय? जे. क्रू या कपड्यांच्या कंपनीनं २०१६ च्या शेवटी आपला ट्रेडमार्क कर्ज देणाऱ्यांच्या तारणातून काढून दुसऱ्या उपकंपनीत सरकवला. करारातल्या अटी जोडून वाचल्या तर तशी वाट निघत होती, आणि कंपनीच्या वकिलांनी ती बरोबर शोधली. त्यानंतर बऱ्याच कंपन्यांनी तोच रस्ता धरला. म्हणून वसुलीचा आकडा धरण्याआधी मी कर्जाच्या अटी वाचते. कंटाळवाणं काम आहे, झोप येते, पण पैसे तिथेच जातात.

टवाळ
सर्वसामान्य गुंतवणूकदार: दोनशे पानी करार.
तोच गुंतवणूकदार: 'मी वाचलं आहे आणि मला मान्य आहे' ✔

मुक्ता_द
वसुंधराताई, मान्य. ४० च्या जागी २० घाला, तोटा ८० होतो आणि ४ ला ०.८ नं भागलं की ५ येतात. म्हणजे गादी पातळ झाली. हिशोब त्यासाठीच करायचा असतो, आकडा बदलून बघायला.

निवांत
हे सगळं वाचून माझ्यासारख्यानं फंडच घ्यावा असं वाटतं. एका बाँडमध्ये मोठी रक्कम अडकवण्यापेक्षा शंभर बाँडमध्ये थोडी थोडी. बाँडमध्ये जिंकलात तर थोडं जास्त व्याज आणि हरलात तर मुद्दल, म्हणजे एकच कंपनी बरोबर निवडल्याचं बक्षीस लहान. मग विखुरणं हाच शहाणपणा ना?

बखरकार
निवांत, फंडात एक वेगळा धोका येतो. तुमच्याबरोबर बसलेले बाकीचे गुंतवणूकदार. ते घाबरून पैसे मागतात, मॅनेजरला विकला जाईल तो चांगला माल आधी विकावा लागतो (जुना_खातेदार यांनी वर सांगितलंच आहे) आणि जे थांबले त्यांच्या वाट्याला उरलेला गाळ येतो.

डिसेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत थर्ड ॲव्हेन्यूच्या क्रेडिट फंडानं पैसे परत देणं थांबवलं. २३ एप्रिल २०२० ला भारतात फ्रँकलिन टेम्पलटननं सहा डेट योजना बंद केल्या, साधारण २५ हजार कोटी रुपये अडकले. लोकांनी पैसे बुडाले म्हणून हंबरडा फोडला होता. पुढे एसबीआय फंड्स मॅनेजमेंटकडे वसुलीचं काम आलं, आणि गुंतवणूकदारांना टप्प्याटप्प्यानं मिळालेली एकूण रक्कम बंद केल्या दिवशीच्या मालमत्तेपेक्षा जास्त भरली.

केदार२२
हे तर माझ्याच बाजूचं उदाहरण झालं! माल वाईट नव्हता, वेळ वाईट होती.

बखरकार
अर्धंच. ज्याला त्या काळात दवाखान्याचं बिल भरायचं होतं त्याला 'तीन वर्षांत सगळे मिळतील' सांगून उपयोग नव्हता. तुम्ही पहिल्या प्रतिसादात लिहिलंत ना, 'विकायचाच नसेल तर काय फरक पडतो'. प्रश्न विकायचा आहे का हा नसतो, विकावा लागेल का हा असतो.

जुना_खातेदार
+१. उधारीवर किंवा लवकर लागणाऱ्या पैशावर हा खेळ करणारे मी बरेच पाहिलेत. त्यांचं बाँडचं मत बरोबर निघालं, पण तोवर बाँड त्यांच्याकडे नव्हता.

अर्धवट
थोडं अवांतर. रेटिंग बघून घेतलं की झालं ना? एएए म्हणजे एएए, सगळ्यात वरचं. एवढी मोठमोठी माणसं बसलेली असतात तिथे.

बखरकार
अर्धवट, आयएल अँड एफएस. पायाभूत सुविधांना पैसा पुरवणारी कंपनी. ऑगस्ट २०१८ मध्ये एएए, सप्टेंबरात डी, म्हणजे पैसे थकलेले. सुमारे ९१ हजार कोटींचं कर्ज. मधली सगळी अक्षरं कुठे गेली विचारू नका.

टवाळ
लिफ्ट होती हो. जिना कोण वापरतो.

वसुंधरा
:D पण रेटिंगवाल्यांना सरसकट झोडपण्यात अर्थ नाही. रेटिंगची फी कंपनीच देते, हा हितसंबंध जगजाहीर आहे. तरी मोठ्या आकड्यांत रेटिंगचा क्रम चुकत नाही. खालच्या रेटिंगच्या कंपन्या वरच्यांपेक्षा जास्त बुडतात, दर दशकात. चुकतो तो वेग. रेटिंग मागून येतं, बाजारभाव आधी हलतो. म्हणून एएए कागद त्याच्या बरोबरीच्या कागदांपेक्षा दीड टक्का जास्त यील्ड देत असेल तर 'वा, स्वस्त' म्हणण्याआधी कुणाला काय कळलंय ते शोधावं.

आकडेमोड
रेटिंगवरूनच संधीचा मुद्दा येतो, तो कुणी काढला नाही अजून. फॉलन एंजल. बीबीबी मायनस ही इन्व्हेस्टमेंट ग्रेडची (जंकच्या वरच्या रेटिंगची) शेवटची पायरी. तिथून कंपनी खाली आली की अनेक विमा कंपन्या, पेन्शन फंड आणि निर्देशांक पाळणारे फंड यांना नियमानं ते रोखे सोडावे लागतात. कंपनी तीच, कारखाने तेच, पण विकणाऱ्यांची झुंबड. आणि घेणारा जंकचा बाजार लहान.

फोर्डचं मार्च २०२० मध्ये एस अँड पी या रेटिंग कंपनीनं रेटिंग उतरवलं आणि ती जंकमध्ये आली. क्राफ्ट हाईन्झ त्याच्या आदल्या महिन्यात आली होती. दोघी नंतर परत वर गेल्या, फोर्ड २०२३ मध्ये. ज्यांनी सक्तीच्या विक्रीत घेतलं त्यांना भाव आणि रेटिंग दोन्हीचा फायदा.

मुक्ता_द
दोन जिंकलेली नावं सांगितलीत, उतरत उतरत तळाला गेलेली कोण सांगणार? शिवाय बहुतेक वेळा रेटिंग उतरण्याच्या आधीच भाव पडून घेतो. बातमी आल्या दिवशी घेणं म्हणजे वरात निघून गेल्यावर अक्षता शोधणं.

आकडेमोड
तसं नाही. भाव आधी पडतो हे खरं, पण नियमानं विकणाऱ्याला महिनाअखेरीच्या आसपास विकावंच लागतं, भाव काही का असेना. तोवर थांबायचं. आणि एकटी कंपनी नाही, अशा रोख्यांची टोपलीच घ्यायची. एकेकट्याच्या बाबतीत तुमचं म्हणणं मान्य.

अर्धवट
मग बँकांचे ते एटी१ बाँड? व्याज जास्त, बँक मोठी. बँका थोड्याच बुडू देतात?

वसुंधरा
बँक वाचवतात, अर्धवट. एटी१ वाल्याला नाही. किंबहुना त्याला बुडवून बँक वाचवतात, त्यासाठीच तो कागद जन्माला घातलेला आहे. मार्च २०२० मध्ये येस बँकेचे ८,४१५ कोटींचे एटी१ शून्य झाले. मार्च २०२३ मध्ये क्रेडिट स्विसचे १६ अब्ज फ्रँकचे. आणि तिथे तर शेअरवाल्यांना यूबीएसचे सुमारे ३ अब्ज फ्रँकचे शेअर मिळाले. रांगेत मागे उभा असलेला जेवून गेला आणि पुढचा उपाशी.

दोन्हीकडे कोर्टकचेऱ्या झाल्या. मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०२३ मध्ये येस बँकेचा निर्णय रद्द केला, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. निकाल कुणाच्याही बाजूनं लागो, 'व्याज जास्त' म्हणून घेतलेल्या माणसाला एवढं सगळं अपेक्षित नव्हतं.

टवाळ
माहितीपत्रकात एटी१ ला 'पर्पेच्युअल' लिहितात. कायमस्वरूपी. वाट बघणं कायमस्वरूपी असेल असं आधी सांगायचं ना.

केदार२२
धागा फारच पुढे गेला, सगळ्यांचे आभार. पण माझा प्रश्न परत विचारतो. बाजार खरोखर पडलाय, कारण क्रेडिटचं आहे, हातात लवकर न लागणारा पैसा आहे. समोर एका कंपनीचा बाँड ८८ ला आहे. तुम्ही पहिली कुठली गोष्ट बघता? एकच सांगा.

वसुंधरा
एकच? पुढच्या दोन वर्षांत तिला किती कर्ज फेडायचंय, आणि ते फेडायला आज तिच्याकडे काय आहे. नफा नंतर. रोकड किती, बँकेकडे मंजूर पण न उचललेली मर्यादा किती आणि ती मर्यादा बँक अटी मोडल्याच्या सबबीवर काढून घेऊ शकते का. कंपन्या तोट्यानं क्वचितच लगेच बुडतात, त्या जुनं कर्ज नव्यानं फिरवता आलं नाही की बुडतात. आणि पडलेल्या बाजारात नेमकं तेच मिळत नाही.

म्हणून मी तुमचा ५ वर्षांचा बाँड बघताना आधी त्याच्या आधी संपणाऱ्या बाँडची यादी काढते. आपला ५ वर्षांनी आणि त्याच कंपनीचा दुसरा मोठा बाँड पुढच्या वर्षी संपत असेल तर खरी परीक्षा पुढच्या वर्षी आहे. कधी कधी तोच पुढच्या वर्षीचा कागद घेणं जास्त शहाणपणाचं. त्याचे पैसे कंपनीच्या हातात अजून रोकड असताना मिळतात.

जुना_खातेदार
याला माझं अनुमोदन. आणि वार्षिक अहवालात 'चालू दायित्वे' मध्ये हे सापडतं, तळटीपांसकट वाचा. एका वर्षाच्या आत फेडायच्या दीर्घ मुदतीच्या कर्जाचा आकडा अचानक फुगलेला दिसला तर ऑडिटरची टिप्पणी शोधा. बऱ्याचदा अट मोडलेली असते म्हणून तो तिथे आलेला असतो.

निवांत
आणि रक्कम किती लावायची?

मुक्ता_द
तो कागद शून्य झाला तर वर्षभराचं बाकीच्या बाँडचं सगळं व्याज खाल्लं जाणार नाही इतकी. समजा टोपलीचं सरासरी यील्ड ८ टक्के आहे आणि वसुली शून्य धरली, तर एका कंपनीत ८ टक्के लावलेत की एकच डिफॉल्ट वर्षाचं सगळं व्याज नेतो. मी २-३ च्या वर जात नाही, आणि पैसेही एकदम लावत नाही. डिसेंबर २००८ कधी येईल हे सप्टेंबरात कुणालाच माहीत नसतं.

केदार२२
पटलं. ८८ वाल्याची मुदतीची यादी काढायला बसतो. त्याच्या शेजारी आणखी एक दिसतोय, कूपन ९, भाव १०३. कंपनी तगडी, कर्ज कमी, पडझडीत १०८ वरून इथवर आलाय. मुदत ६ वर्षं. हा तरी बिनघोर घ्यावा ना?

मुक्ता_द
कॉल कधी आहे त्याला?

केदार२२
थांबा बघतो... कंपनी वर्षानं १०० ला परत घेऊ शकते असं लिहिलंय.

मुक्ता_द
मग १०३ देऊन तुम्हाला ९ व्याज आणि वर्षअखेर १००. भावात ३ गेले, उरले ६. ६ भागिले १०३, म्हणजे ५.८ टक्के. दर उतरले तर तगडी कंपनी ९ टक्क्यांचं कर्ज कशाला ठेवेल, परत घेऊन टाकेल. दर चढले तर तुम्ही ६ वर्षं अडकलात. वर्षाच्या सरकारी रोख्याचा दर बघा आणि मग सांगा.

टवाळ
तगडी कंपनी आपल्याकडून पण नफा काढते, म्हणूनच ती तगडी.

केदार२२
सरकारी दर ५.८ च्या फार खाली नाहीये. हा राहू दे. ८८ वाल्याचा अहवाल उघडलाय, तळटीप क्रमांक २३ मध्ये अडकलोय. वसुंधराताई, 'आकस्मिक दायित्व' म्हणून उपकंपनीला दिलेली हमी दाखवली आहे, ती कर्जात धरायची का?

वसुंधरा
उपकंपनीच्या स्वतःच्या कमाईतून तिचं व्याज निघतंय का बघा. निघत नसेल तर पूर्ण धरा. उपकंपनीचा ताळेबंद वेगळा मिळेल, तो नाहीच मिळाला तरीही पूर्ण धरा.